सव्वादोनचं पाणी

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा आणि मग वाचायला घ्या. मी एक जुना पिकअप टेम्पो आहे आणि पंधरा वर्षं माझ्या हौद्यातून मासळीची ने-आण झालेली आहे. सुरमई आली आणि गेली, कोळंबी आली आणि गेली, सुक्या बोंबलांची पोती आली आणि गेली. वास मात्र आला तो राहायलाच आला. आमच्या मालकीणबाई मनुबाई यांनी मला चिंचेच्या पाण्याने घासून पाहिलं, एकदा तर धूपसुद्धा घातला. वासाने दाद दिली नाही.

कारखान्यात माझ्या अंगावर पांढराशुभ्र रंग चढला तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला दुधाच्या धंद्यात नोकरी लागणार. नशिबात कोपर गाव होतं. डोंबिवलीच्या पश्चिमेला, अगदी खाडीच्या कडेला, दामाजींचं घर आहे. दामाजी म्हणजे जन्मभर होडीवर वाढलेला कोळी माणूस. खाडीचं पाणी काळं पडलं, जाळ्यात माशांऐवजी प्लास्टिक यायला लागलं, तेव्हा त्यांनी होडी विकली आणि मुंबईच्या धक्क्यावरून मासळी आणण्यासाठी मला घेतलं. त्यामुळे ते माझ्याकडे नेहमी सवतीच्या पोराकडे बघावं तसं बघायचे. मी काय त्यांच्या होडीला बुडवलं होतं?

मनुबाईंची गोष्ट वेगळी. पहिल्याच नवरात्रात त्यांनी मला देवीच्या पाया पडायला ठाण्याच्या टेंभी नाक्याला नेलं. कळव्याचा पूल ओलांडला आणि पुढचे तीन तास मी पहिल्या गिअरमध्ये काढले. गर्दीत माझं पाणी उकळलं. देवीचं दर्शन मालकांना झालं, मला दर्शन झालं ते पुढच्या रिक्षाच्या पाठीचं. तरी त्या दिवशी बॉनेटवर झेंडूचा हार होता आणि लोक मला वळून वळून बघत होते. असे दिवस विसरता येत नाहीत.

पुढे मी इमानेइतबारे राबलो. बर्फाच्या पाण्याने हौदा गंजला, खड्ड्यांनी स्प्रिंगचे पाटे खिळखिळे केले, पण मासळी कधी उशिरा पोचवली नाही. मग बाजारात थंड खोक्यांच्या नव्या गाड्या आल्या. मी चिंचेच्या झाडाखाली उभा राहिलो तो राहिलोच. शेजारच्या कोंबडीने माझ्या हौद्यात अंडी घातली आणि दामाजी म्हणाले की पंधरा वर्षांत गाडीने पहिल्यांदा काहीतरी ताजं दिलं. इतकं ऐकून घेतलं मित्रांनो, आणि वर गेल्या श्रावणात त्यांनी शीळफाट्याच्या साईनाथला बोलावलं. साईनाथ भंगार घेतो. त्याने माझ्या दारावर दोन टिचक्या मारल्या, बोट गंजात घालून आरपार काढून दाखवलं आणि सोमवारी क्रेन घेऊन येतो असं सांगून गेला.

मला वाचवायला धावला तो दामाजींचा मुलगा दिपेश. खरं सांगायचं तर तो स्वतःला वाचवायला धावला होता, पण त्यात माझीही सोय होती. दिपेशने अलिबागच्या एका हॉटेलवाल्याकडून जुनी वॉटर स्कूटर आणली होती. पिवळीधमक, टोकदार नाकाची, चाकं नसलेली ही बाई पाण्यावर सुसाट धावते म्हणे. जमिनीवर मात्र तिला चार माणसं उचलून न्यायला लागतात, म्हणजे ती गाडी असूनही तिला गाडी लागते. ती गाडी मी. सामान घेऊन फिरण्यात माझं आयुष्य गेलं होतं, पण माझ्यापेक्षा जास्त नटलेलं सामान मी पहिल्यांदाच अंगावर घेत होतो.

दिपेशचा बेत चांगला होता. गणपती विसर्जनाला आमच्या घाटांवर बरीच गर्दी होते, दरवर्षी कोणी ना कोणी खोल पाण्यात घसरतं. स्कूटर हौद्यात घालून या घाटावरून त्या घाटावर न्यायची, झटकन पाण्यात सोडायची आणि घसरलेल्याला ओढून आणायचं. चालवणार होती दिपेशची बायको वर्षाली. तिचं माहेर वेसाव्याच्या कोळीवाड्यातलं, चालायच्या आधी पोहायला शिकलेली. विसर्जन समितीचे प्रमुख गुणाजी यांनी रविवारी प्रात्यक्षिक दाखवा, पसंत पडलं तर काम तुमचं, असं सांगितलं. दामाजींनी आपला निकाल त्याला जोडला. रविवारी जमलं तर गाडी ठेवू, नाही जमलं तर सोमवारी साईनाथ. म्हणजे मित्रांनो, माझी परीक्षा होती, पेपर दिपेश लिहिणार होता आणि नापास झालो तर मला कापणार होते.

रविवारी नारळी पौर्णिमेनंतरची प्रतिपदा होती. सकाळी स्कूटर माझ्या हौद्यात चढली. मनुबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, नाकावर फूल ठेवलं, आणि वाटेत पडू नये म्हणून जाळ्याच्या जुन्या दोरीने माझ्या कड्यांना करकचून बांधलं. मला कुंकू लावायचं राहिलं. 

निघायच्या वेळेला बापलेकांची जुंपली. दिपेशच्या मोबाईलवर भरतीची वेळ होती पावणेएक. दामाजींनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. तिथीची पाऊणपट काढायची हा त्यांच्या आज्यापासूनचा हिशेब. प्रतिपदा म्हणजे एक, एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पावणेएकच आले. दिपेश खूश झाला. पण दामाजी पुढे बोलले.

"तुजा मोबाईल खोटा नाय रं, पन तो मुंबयला ऱ्हातो. पानी अपोलो बंदरावरून निगतं, त्याला आपल्या खारीत याला दीड तास लागतं. सव्वादोनच्या आदी गारी उतारावर घालू नको."

"बाबा, गुणाजीकाका साडेबाराला येणारेत. त्यांना काय सांगू, पाणी ट्रॅफिकमध्ये अडकलंय म्हणून? मी अलिबागला दोन दिवस शिकून आलेलो. होतं बरोबर."

दामाजी सरळ घरात गेले आणि पाटावर बसून त्यांनी मनुबाईंना जेवण वाढायला सांगितलं. आपला बाप रुसला असं दिपेशला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

घाटावर पोचलो तर पाणी कुठे? उताराच्या शेवटच्या पायरीपलीकडे काळाभोर, लोण्यासारखा चिखल आणि त्याच्याही पलीकडे खाडीची बारीक धार. अलिबागला वाळू असते मित्रांनो. वाळू माणसाला विचार करायला वेळ देते, आमचा चिखल देत नाही. गुणाजी पांढऱ्या सदऱ्यात, कोऱ्या चामडी चपला घालून, तिघा-चौघांना घेऊन उभे होते आणि सारखे घड्याळ बघत होते. त्यांना दीडला एका बारशाच्या जेवणाला जायचं होतं. दिपेशने मोबाईल पाहिला, पाणी पाहिलं, परत मोबाईल पाहिला. मग ज्याचं म्हणणं सोयीचं होतं त्याच्यावर विश्वास ठेवून त्याने मला मागे घ्यायला सुरुवात केली.

थोडं मागे, अजून थोडं मागे. मागची चाकं उतारावरून घसरली आणि बसली. साधी बसली नाहीत, मांडी घालून बसली. दिपेशने गिअर टाकून जोर लावला तसा मी अजून रुतलो आणि माझ्या चाकांनी उडवलेला चिखल गुणाजींच्या सदऱ्यावर गेला. मी मनापासून माफी मागितली असती, पण माझ्याकडे फक्त हॉर्न होता आणि तोही तीन वर्षं बंद.

हौद्याचा मागचा फाळका उघडला, दिपेशने आणलेल्या दोन फळ्या लावल्या. त्या चिखलात अर्ध्या गेल्या. एवढी जड स्कूटर चिखलात उतरवली असती तर ती पुढच्या गणपतीपर्यंत तिथेच राहिली असती. सगळ्यांनी मिळून मला ढकलून पाहिलं. त्यात गुणाजींची एक चप्पल चिखलाने पायातून काढून घेतली. बारशाला जाण्यासारखी आता त्यांची अवस्था नव्हती आणि गावात रुतलेली गाडी सोडून सल्ला न देता कोणी जात नाही, म्हणून मंडळी थांबली. दामाजींना वाढून मागून आलेल्या मनुबाईंनी डब्यातून नारळाच्या करंज्या आणल्या होत्या. करंज्या खात सात जणांनी सात उपाय सांगितले.

आणि मग पाणी यायला लागलं.

आधी माझ्या टायरला गार लागलं. मग धुराच्या नळकांड्यातून बुडबुडे यायला लागले, तेव्हा दिपेशने घाबरून इंजिन बंद केलं. उतारामुळे माझं तोंड वर होतं आणि शेपूट पाण्यात. पाणी चाकांच्या धुऱ्याला लागलं, पाट्यांना लागलं, नंबरप्लेटवर चढलं. मी खरंच घाबरलो, मित्रांनो. भंगारात जाणं वाईट, पण तिथे निदान कोरड्या अंगाने जाता येतं. पंधरा वर्षं मी मेलेली मासळी वाहिली होती, आता जिवंत मासे माझ्या हौद्यात शिरून बघत होते.

स्कूटर सोडवावी म्हणून दिपेश दोरीशी झटत होता. पण ओल्या दोरीची गाठ दगडासारखी झाली होती. कोयता आणा, असं गुणाजी म्हणाले. दोरी आपल्या सासऱ्यांच्या जाळ्याची आहे, तिला कोयता लागणार नाही, असं मनुबाईंनी शांतपणे सांगितलं. गुडघाभर पाण्यात उभं राहून वर्षाली हसत होती. सव्वादोन व्हायची वाट एकटी तीच बघत होती.

दोनला दहा मिनिटं असताना दामाजी आले. जेवून, पान खाऊन, सावकाश. रुसलेले वगैरे काही नव्हते. त्यांची वेळ झाली होती म्हणून ते आले होते. लुंगी वर खोचून ते पाण्यात उतरले, माझ्या बाजूने चालत हौद्याशी आले आणि जाता जाता त्यांचा हात माझ्या पत्र्यावरून फिरला. बहुतेक तोल सांभाळायला. त्यांनी गाठीचं एक टोक शोधलं आणि एकदाच ओढलं. गाठ सुटली.

"आता बगत ऱ्हावा," ते म्हणाले.

हौद्यात पाणी चढत होतं. स्कूटर थोडी हलली, डावीकडे डुलली, उजवीकडे डुलली, आणि कोणी हातसुद्धा न लावता माझ्या पाठीवरून उचलली गेली आणि उघड्या फाळक्यावरून खाडीत निघाली. जाकीट घातलेल्या वर्षालीने झेप टाकली आणि चावी फिरवली. तेवढ्यात गुणाजी ओरडले, कारण चिखलातून सुटलेली त्यांची चप्पल पाण्यावर तरंगत मधल्या धारेकडे चालली होती. वर्षाली वळली, पाण्याचा पंखा उडवत गेली, एका हाताने चप्पल उचलली आणि परत येऊन त्यांच्या हातात दिली. एवढ्या वेळात मला एकदा शिंकताही आलं नसतं.

घाटावर टाळ्या पडल्या. गुणाजींना वाटलं की हे सगळं असंच ठरलेलं होतं.

"गाडीच पाण्यात बुडवायची, म्हणजे उचलायची भानगडच नाय. मानलं दामाजी तुला," ते म्हणाले. "काम तुमचं. पण गाडी हीच पायजेल."

दिपेशने तोंड उघडलं. दामाजींनी त्याच्याकडे पाहिलं तसं त्याने ते मिटलं. संध्याकाळी ओहोटीला पाणी उतरलं, तेव्हा सगळ्या आळीने दोर लावून, माझ्या चाकांखाली ओंडके घालून, होडी ओढतात तसं मला वर ओढलं. बाप आणि लेक एकाच दोराला होते. दिपेशने खालच्या मानेने सव्वादोनचा गजर मोबाईलमध्ये लावायला हवा होता असं काहीतरी पुटपुटून माफी मागितली आणि दामाजींनी त्याला दोर नीट धरायला सांगितलं.

पण माझी परीक्षा संपली नव्हती. साईनाथला कोणी नको म्हणून कळवलंच नव्हतं. सोमवारी सकाळी तो क्रेन घेऊन हजर झाला. मी झाडाखाली चिखलाने माखून उभा होतो. खारं पाणी पत्र्याला लागलं की आठ दिवसांत पत्रा खातं, मला माझा शेवट दिसत होता. आमच्याकडे नळाला तासभरच पाणी येतं. त्या दिवशी आलेलं सगळं पाणी नळीने माझ्या पोटाखाली चाललं होतं, आणि आंघोळीला काय उरणार म्हणून मनुबाई दारातून बोलत होत्या.

नळी कोणाच्या हातात होती ते साईनाथला दिसेना. माझ्याखालून दोन म्हातारे पाय बाहेर आलेले होते. दामाजी उताणे पडून माझा एकेक पाटा, एकेक नट गोड्या पाण्याने धूत होते. समुद्रावरून आलेली होडी ते अशीच धूत असत, असं मनुबाई नंतर वर्षालीला सांगत होत्या.

साईनाथने वाकून सांगितलं, काका, गाडी न्यायला आलोय.

"थांब, धुवून झाली नाय आजून."

साईनाथ हसला. कापायचीच तर आहे, धुता कशाला, असं त्याने विचारलं.

नळी दुसऱ्या पाट्याकडे वळली. मग खालून आवाज आला, "भंगार कोन धुतं रं, साईनाथ?"

साईनाथने चहा घेतला आणि रिकामी क्रेन घेऊन गेला. माझ्या खालून पाणी गळत होतं. ते नळीचं होतं असं दामाजींना वाटलं.

तर मित्रांनो, माझं एवढंच ऐका. तुमच्या घरात एखादी जुनी सायकल असेल, पंखा असेल, आजोबांची छत्री असेल, जिने तुमच्यासाठी कधीकाळी चिखल खाल्ला असेल, तिला एकदा आपल्या हाताने धुवा. द्यायची असली तरी धुवा, विकायची असली तरी धुवा. धुता धुता पुष्कळ माणसांचं विकायचं राहून जातं.