बोटभर सैल

बाबांच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीवर धाकटी जाऊ बसलेली. तिच्या उजव्या कानामागे पितळी नळीचं एक टोक, आणि दुसऱ्या टोकाला कान लावायला ही झुंबड!

"येतंय ना ऐकू? फुस्स... फुस्स... फुस्स!" नळीवाले बाबा डोळे गरागरा फिरवत ओरडले. "डोक्यात बसून श्वास घेतोय तो! भुकेला आत्मा आहे, साधासुधा नाही!"

ज्याने कान लावला त्याने तोंडात बोट घातलं. आवाज खरंच येत होता हो! मग बाबांनी मंत्रलेला पट्टा तिच्या गळ्याभोवती करकचून आवळला, "हट्!" म्हणाले, आणि आवाज बंद.

"गेला! गेला बाई एकदाचा!" धाकटीला रडूच कोसळलं. कित्येक महिने बिचारीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

थोरली जाऊ मात्र दाराशी हाताची घडी घालून उभी होती. दोघींचं मिळून शिवणकामाचं दुकान. गिऱ्हाईक कितीही शपथेवर सांगो, टेप लावल्याशिवाय थोरली कुणाची कंबर मानायची नाही. "गळ्यात पट्टा बांधल्यावर गप्प बसतो," ती पुटपुटली, "आत्मा आहे की कुत्रा?"

बाबांची ताकीद अशी, की पट्टा सोडायचा नाही आणि दवाखान्याची पायरी चढायची नाही. औषधाच्या वासाने म्हणे आत्मा पिसाळतो! इकडे धाकटीचं डोकं ठणकायचं, खाली वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिच्यासारखी काजं करणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि आता तिला सुईत दोरा ओवता येईना.

"अगं, डोळे जातील तुझे! चल डॉक्टरकडे."

"नको हो ताई. बाबा म्हणालेत, जाता जाता तो त्रास देणारच."

पट्टा काचून गळ्याला वळ उठले, तेव्हा धाकटीनेच तो अस्तर लावायला थोरलीकडे दिला. थोरलीने उसवून पाहिलं तर आत उजव्या बाजूला एक जाड लाकडी मणी. तिने अस्तर लावलं, आणि हाताच्या सवयीने, कॉलरला ठेवतात तसा, बोटभर सैलपणा ठेवून हूक लावला. धाकटीने पट्टा घातला आणि किंचाळली, "ताई, परत आला तो!"

थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने हूक घट्ट केला आणि धाकटीला विचारलं. आवाज बंद. सैल केला. आवाज सुरू.

"बघ! तुझ्या आत्म्याला हुकाचं माप बरं कळतं!"

"मंत्राशी खेळू नका ताई, पाया पडते तुमच्या," धाकटी पट्टा घट्ट ओढून घेत म्हणाली. तेव्हा थोरलीने ओळखलं, हिला घरात सांगून उपयोग नाही. आता बाबांकडेच जायला हवं.

पुढच्या बैठकीत तिने सगळ्यांदेखत विचारलं, "बाबा, पट्टा सैल झाला की आवाज येतो, तो का?"

"घरात नास्तिक असलं की असंच व्हायचं!" बाबा गरजले. साऱ्या माना तिच्याकडे वळल्या.

"असेल बाई. मग हा बघा." थोरलीने पिशवीतून दुसरा पट्टा काढला. "पँटच्या चिंध्यांचा आहे. आत मंत्र नाही, कोटाचं बटण आहे." तिने बाबांचा पट्टा सोडला, आवाज सुरू झाला, तसा हा पट्टा बटण उजवीकडे ठेवून धाकटीच्या गळ्याला आवळला. नळीला कान लावून बसली होती भाजीवाली, बाबांची सगळ्यात जुनी भक्त.

"अगं बाई! बंद झाला की!"

मग थोरलीने बाबांचाच पट्टा बांधला, पण मणी डाव्या बाजूला घेऊन. भाजीवाली गोंधळली. "चालू आहे हो बाबा... चांगला जोरात."

बाबांचं धाबं दणाणलं. "बटणात... बटणातही माझीच शक्ती उतरली!"

"मग कोटच मंत्रून द्या ना!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि खोलीत हशा पिकला.

धाकटी हसली नाही. तिने पट्टा काढला, स्वतःचं बोट गळ्याला उजव्या बाजूला दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग हळूच म्हणाली, "ताई, डॉक्टरकडे न्याल मला?"

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. तपासणीचे फोटो आल्यावर त्यांनी समजावलं, "डोक्यातलं रक्त शिरांमधून खाली हृदयाकडे उतरतं. तुझी कानामागची शीर एका जागी अरुंद झालीय. रक्त तिथून जोरात घुसतं, म्हणून नाडीच्या ठोक्यासरशी आवाज होतो. गळ्यावर दाबलं की त्या बाजूचा प्रवाह अडतो आणि आवाज थांबतो. आजार मात्र तिथेच! डोक्यातला दाब वाढतच राहिला, आणि त्याने डोळ्यांच्या नसा सुजल्या."

"म्हणजे आवाज खरा होता?"

"अगदी खरा. आत्मा तेवढा खोटा. कानात ठोक्याबरोबर आवाज आला की तपासून घ्यायचं, गळा आवळायचा नाही."

औषधं झाली, पुढे शिरेत बारीक जाळीची नळी बसवली आणि आवाज थांबला. धाकटी पुन्हा काजं करते. पण डाव्या डोळ्याची कड अंधारी झाली ती झालीच. त्या बाजूने कुणी आलं तर तिला अजून दिसत नाही.

बाबांचा पट्टा दुकानात खिळ्याला टांगलाय. कुणी नव्या चमत्काराची गोष्ट घेऊन आलं, की धाकटी तो काढून त्यांच्या हातात देते.

"हात जोडायचे तर जोडा," ती म्हणते, "पण आधी बोटभर सैल करून बघा. मी उशिरा बघितलं."