वाऱ्याकडे पाठ

गाळणीचा कागद चिमट्याने बाहेर काढला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाळवंटाची धूळ धरून सकाळी बदामी होत चाललेला कागद आता काजळीने काळाकुट्ट झाला होता.

हवेतले सूक्ष्म कण मोजायला ती या जहाजावर आली होती, तापातून नुकत्याच उठलेल्या लेकीला आजीकडे सोडून. या धुळीच्या ढगाची तिने डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली होती. नियम एकच: मोजणी चालू असताना जहाजाचं नाक वाऱ्याकडे. पाठ फिरली की धुराड्याचा धूर थेट गाळणीतून हवा ओढणाऱ्या पंपात.

ती तरातरा जिना चढून कप्तानाकडे गेली.

"कुणाला विचारून वळवलंत जहाज?"

"माझ्यावर कशाला डाफरताय, बाई? तुमच्याच सरांनी सांगितलं. पाहुण्यांच्या टेबलावरचे रुमाल उडत होते म्हणे; वाऱ्याच्याच दिशेने चाललं की तो लागत नाही."

सर म्हणजे मोहिमेचे प्रमुख. मागच्या डेकवर ते अनुदान देणाऱ्या पाहुण्यांना हसतहसत सूप वाढत होते. तिने तो काळा कागद ठेवलेली काचेची डबी त्यांच्यासमोर आदळली.

"आत्ता नको गं," सर पुटपुटले. "काळे आकडे वगळ, आधीच्यांवरून मधले अंदाजाने बसव. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय!" टेबलावरचे चमचे थांबले. "ढग निघून चाललाय, सर. जेवताना वारा लागू नये म्हणून वर्षभराच्या कष्टांवर पाणी फिरवलंत, आणि वर खोटे आकडे माझ्याच हातून लिहून घेताय?"

एका वयस्कर पाहुणीने डबी उचलून पाहिली. "म्हणजे हा आपल्याच जहाजाचा धूर?"

"आपल्याच."

सरांचं तोंड एवढंसं झालं. जहाज पुन्हा वळवलं, पण तोवर आभाळ निळं झालं होतं. धूळ गेली ती गेलीच.

संध्याकाळी सर प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. "चारचौघांत माझी अब्रू काढलीस. पुढच्या सफरीला तू नाहीस."

"नसेन. पण ही सफर संपेपर्यंत या पंपाचे आकडे जसे आहेत तसेच अहवालात जातील. बसवायचेच असतील, तर आधी मला उतरवा."

सर तडक निघून गेले. तिने नवा कागद चिमट्यात धरला. दोन्ही कोपरं टेबलावर घट्ट रोवून तिने तो बसवला आणि पंप सुरू केला.