देवीवर सोडलेला पेपर

भूमितीच्या पेपराची पहिली घंटा झाली तरी परीक्षा केंद्राच्या फाटकाशी अस्मिता कर्णिक येरझाऱ्याच घालत होती. दिंडोशीच्या वस्तीतल्या मुलांना दहावीसाठी तयार करणारी संस्था ती चालवायची. बाकीची मुलं आत गेली होती. पत्ता नव्हता तो एकट्या श्रुतिकाचा. देणगीदार आले की श्रुतिका पुढे, अहवाल निघाला की मुखपृष्ठावर श्रुतिका. आताच्या या येरझाऱ्या मुलीसाठी किती आणि अहवालासाठी किती, हे अस्मितानं स्वतःलाही विचारलं नसतं.

"लागतोय फोन?"

"घाटात असतील. रेंज नाही," सुयोग म्हणाला. तो तिच्या संस्थेत गणित शिकवायचा.

"दोन पेपरांच्या मधे पोरीला गावाला नेतं का रे कुणी?"

"शिमगा आहे ताई. पालखी दारात येते. आमची कोकणातली माणसं एक वेळ नोकरी सोडतील, पालखी नाही."

"आई म्हणून जानकीबाई शहाण्या वाटल्या होत्या मला."

सुयोगनं चपलेनं एक खडा उडवला. "तुमचंच ऐकून गेल्यात त्या. पालकसभेत काय म्हणालात? आम्ही आमचं केलं, आता देवीवर सोडा. जानकीबाई तिथल्या तिथे नवस बोलल्या. पालखी आली की पोरगी स्वतः ओटी भरेल."

अस्मिताला सभा आटपायची घाई होती, तोंडाला आलं ते बोलली होती. कुठली देवी, हेही तिला ठाऊक नव्हतं.

वळणावर रिक्षा दिसली की ती दोन पावलं पुढे जाई, भलतंच कुणी उतरलं की मागे. शिपाई फाटकाला हात घालतच होता, तेवढ्यात एका रिक्षातून श्रुतिका उतरली. गणवेश चुरगळलेला, कपाळावर गुलाल.

"झोपलीस तरी का?"

"बसमध्ये प्रमेयं म्हणत होते ताई. शेजारचे काका म्हणाले, ही कुठली आरती गं?" आणि ती आत पळालीसुद्धा.

मागून जानकी पिशवी सांभाळत आली. अस्मितानं रात्रभर घोकलेलं भाषण ओठांवर होतं, निघालं भलतंच. "जानकीबाई, मी ते सहज बोलले होते हो."

"देवीच्या नावानं सहज कोण बोलतं, मॅडम?" जानकीनं तिच्या हातावर प्रसादाचा नारळ ठेवला. "तुमच्यासाठीपण बोललेय. पोरांना बसायला मोठी जागा मिळू दे म्हणून. मिळाली की ओटी तुम्हीच भरायची. दुसऱ्याच्या हातून चालत नाही."

त्या जागेसाठी अस्मितानं किती उंबरे झिजवले होते. "कधी भरायची?"

"शिमग्यातच की, आमच्या गावाला येऊन."

पुढचा शिमगा, म्हणजे पुढच्या मुलांची दहावी. अस्मितानं बंद फाटकाकडे बघितलं.

"सुयोग, पुढच्या वर्षी इथे तू उभा राहशील ना रे?"

"राहिलो असतो ताई. पण पालखी आमच्याही दारात येते."