काठोकाठ भरलेला प्याला

मित्रांनो, माझी चोच पत्र्याची आहे म्हणून हसू नका. रिश्तान गावच्या कुंभाराने मला घडवलं तेव्हा तीही मातीचीच होती. पुढे मार्गिलान शहरातल्या रेशीम कारखान्यात एकदा आपटले आणि हे नवं नाक आलं. मी एक जुनी चहादाणी, पण माझा तोरा काही कमी झाला नाही. कारखान्याचे मालक तोशमत आका रोज सकाळी विणकरांमध्ये बसून माझ्यातूनच चहा ओतायचे.

ओतायचे म्हणजे घोटभरच. आमच्याकडे माणूस हवासा असेल तर प्याला कमी भरतात, म्हणजे पुन्हापुन्हा ओतता येतं आणि बोलणं चालू राहतं. काठोकाठ भरून दिला की समजायचं, प्या आणि चालू लागा. त्या घोटाघोटात रजा ठरत, भांडणं मिटत, एखादं लग्नही जमे. कारभारासाठी आकांना वेगळी खोली कधी लागली नाही.

ते वारले आणि ताश्कंदला शिकलेली त्यांची मुलगी मुश्तारी मालकीण झाली. हुशार, कष्टाळू, पण भारी घाईची. चहात अर्धी सकाळ जाते म्हणून तिने बटण दाबताच प्याला भरणारं यंत्र आणलं आणि मला कपाटावर टाकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग विजेचे माग आले. त्या सकाळी तिने सगळ्यांना जमवलं, मान म्हणून जुन्या विणकरांना यंत्रातला चहा स्वतःच्या हाताने दिला आणि नव्या मागांविषयी बोलू लागली. प्याले काठोकाठ भरले होते. तिचं लक्ष भाषणात.

उस्ता, म्हणजे उस्ताद, घोफूर सगळ्यांत जुने. त्यांनी प्याल्याकडे पाहिलं.

"समजलं, पोरी. तोंडाने सांगायची लाज वाटली होय?"

"काय समजलं, उस्ता?"

"तुझे वडील कुणाला काढायचं झालं तर घरी येऊन सांगायचे."

ते उठले. त्यांच्यामागे सगळे जुने विणकर उठले. त्यांच्यातल्या सलोमत आपा दाराशी जरा घुटमळल्या आणि त्याही गेल्या. सगळे माग बंद पडले. लग्नसराईचं कापड अर्धवट राहिलं.

मुश्तारी प्याले उचलायला गेली तेव्हा चहा तिच्या बोटांवर सांडला. तेव्हा कुठे तिला दिसलं, प्याले काठोकाठ भरले होते.

"वोय! मी हे काय केलं!"

दुसऱ्या दिवशी तिने मला पुसलं आणि बगलेत मारून उस्तांचं घर गाठलं.

"यंत्राने भरले हो, उस्ता. माझ्या मनातही नव्हतं."

"प्याले यंत्राने भरले. माग आणायचं कुणी ठरवलं? तेही यंत्राने?"

मग पहिल्यांदाच तिने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

उस्तांनी संध्याकाळपर्यंत तोंडसुख घेतलं आणि शेवटी पाय पसरले. "माझे गुडघे गेलेत, गाढवे! विजेचा माग मलाच हवा होता. विचारलंस कधी?"

असे एकेक करून विणकर परतू लागले. कुणी रुसून बसला होता, कुणी अटी घालत होता. सगळ्यांची मनधरणी करता करता आठवडा उलटला. सलोमत आपांचं घर तिने शेवटी ठेवलं. आपा म्हणजे गरीब गाय, न बोलावताही येतील, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

आपांनी हसून दार उघडलं, दस्तरखान पसरलं, रोटी मोडून पुढे ठेवली.

"आपा, चला ना. सगळे आलेत."

"ठाऊक आहे. गल्लीतून मागांचा आवाज येतो की."

"मग तुम्ही का नाही आलात?"

"कशी येणार? निरोप मलाही तोच मिळाला होता. रोज रोटी भाजून तुझी वाट पाहिली, बेटा. काल पलीकडच्या कारखान्याला शब्द दिला."

मुश्तारीने पुष्कळ विनवलं. आपांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण शब्द मोडला नाही. येताना ती मला छातीशी धरून रडत होती.

मित्रांनो, आता मी पुन्हा रोज विणकरांमध्ये फिरते. जुन्या वस्तूंना जपा, एवढंच सांगून थांबणार होते. पण आपांची रिकामी जागा दिसते आणि राहवत नाही. चिडलेल्यांच्या दारी तुम्ही जालच, ते तुम्हाला स्वस्थ बसू देत नाहीत. जो काहीच बोलला नाही, त्याच्याकडे आधी जा.