जुडीची गाठ

माझी मुलगी उर्वशी दहावी पास झाली आणि तिचा नंबर पवनीतल्याच ज्युनिअर कॉलेजात सायन्सला लागला. सायन्समध्ये गेल्यावर पुन्हा निवड करावी लागते हे मला तेव्हाच कळलं. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हे ठरलेले. त्याच्यासोबत एकतर बायोलॉजी घ्यायचं, नाहीतर बायोलॉजी आणि मराठी दोन्ही सोडून दोनशे मार्कांचा इलेक्ट्रिकल मेंटेनन्स घ्यायचा. उर्वशीला इलेक्ट्रिकल पाहिजे होतं. मी बायोलॉजी म्हणत होतो.

"बायोलॉजी घे. नर्सिंगले लागशील. सरकारी नोकरी राहते," मी म्हटलं.

"मले रक्त पाहून चक्कर येते, बाबा."

"होते सवय."

"तुमाले झाली का? आईले सुई लावत होते तं तुमी बाहीर जाऊन उभे राहत होते."

नर्सिंगचं कारण तसंही खोटं होतं.

बस स्टँडच्या मागे माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळली की शेतकरी माझ्याकडे आणतात. जळालेली तार काढायची, खाचांमध्ये कागद घालायचा, नवीन तांब्याच्या तारेच्या कॉइल मोजून गुंडाळायच्या, खाचांत भरायच्या, वरून दोऱ्याने बांधायच्या आणि वार्निश पाजायचं. हे काम मी वीस वर्षांपासून करतो. त्यातली बारा वर्षं माझी बायको रुखमिणी माझ्यासोबत बसली. मागच्या कार्तिकात ती गेली. कावीळ झाली, भंडाऱ्याच्या दवाखान्यात एकोणीस दिवस होती.

उर्वशीने इलेक्ट्रिकल घेतलं तर ती दुकानात आईच्या पाटावर बसेल आणि आईसारखंच काम करेल. ते मला नको होतं.

रुखमिणी पहिल्यांदा दुकानात आली ती माझा डबा घेऊन. उर्वशी तेव्हा चार वर्षांची होती. मी म्हटलं, बसूनच आहेस तर कागद काप. तिने कागद कापले. सगळे एका मापाचे. महिन्याभराने ती कॉइल गुंडाळायला लागली, वर्षभराने पूर्ण मोटर भरायला लागली. मी तिला शिकवलं असं मी लोकांना सांगायचो. पण मी दाखवलं ते तिने एकदाच पाहिलं, आणि नंतर माझ्यापेक्षा चांगलं केलं.

बांधणी तर तिची स्वतःचीच होती. तिचं माहेर धानाच्या गावचं. रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या बांधायची सवय तिला लहानपणापासून. जुडीची गाठ एका झटक्यात सुटावी लागते. तिने त्या गाठीत एक उलटा वेढा वाढवला, म्हणजे सुटणार नाही, आणि वार्निश पिऊन उलट जास्त आवळेल. मोटर कितीही थरथरली तरी तिची कॉइल जागची हलत नव्हती.

मला ती गाठ आली नाही. मी शिकवून दे असं तिला कधी म्हटलंही नाही.

हळूहळू लोकांना फरक कळला. माझ्या हातची मोटर दोन-तीन हंगाम चालायची. तिच्या हातची आठ-आठ वर्षं परत यायची नाही. शिवनाळ्याचे भैय्याजी तर चार लोकांसमोर बोलायचे.

"काय गा यादोराव, ही भाभीनं भरली का तुमी?"

"मीच भरलो."

"मंग एक डाव भाभीले दाखवून घ्या."

सगळे हसायचे. रुखमिणी मान खाली घालून तार गुंडाळत राहायची. ती हसायची नाही. तेच मला जास्त लागायचं. ती हसली असती तर घरी गेल्यावर भांडता आलं असतं.

मग मी सांगायला लागलो की ती फक्त कागद कापते आणि मोटर मीच भरतो. अनोळखी गिऱ्हाइकाला हे खरं वाटायचं. रुखमिणी समोर बसलेली असायची. तिने एकदाही मला खोटं पाडलं नाही.

उर्वशी शाळेतून आली की सरळ आईजवळ जाऊन बसायची. दोघी मिळून वेढे मोजायच्या. रुखमिणी गुंडाळायची, पोरगी आकडे म्हणायची. मधेच काहीतरी कुजबुजून हसायच्या. मी जवळ गेलो की गप्प. एकदा त्या अशाच मोजत होत्या. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस. मी मुद्दाम म्हटलं, "चहा आण वो." आकडा चुकला. रुखमिणीने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिने कॉइल उलगडली, उठून चहा आणून दिला आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. त्यानंतरही मी बरेचदा असाच चहा मागितला.

ती गेल्यावर मी तिच्या पाटावर कोणाला बसू दिलं नाही. कोणी बसायला गेलं की मी स्टूल पुढे करतो. पण तिच्या हातची मोटर दुरुस्तीला आली, नुसती बेअरिंग बदलायला, तरी आतली बांधणी पाहून मला तिच्यावर रागही येतो. आठवण आणि राग एकाच वेळी येतात. मला ते वेगळे करता येत नाहीत.

उर्वशी दोनदा म्हणाली, "बाबा, मी बांधून देऊ का?" मी म्हटलं, अभ्यास कर.

कॉलेजचा फॉर्म भरायला पालकाला सोबत बोलावलं होतं. फॉर्मवर विषयाचा रकाना उर्वशीने कोरा ठेवला होता. कॉलेजात बाबूने सांगितलं, इलेक्ट्रिकल पाहिजे असेल तर आधी गिऱ्हेपुंजे सरांना भेटा, ते प्रयोगशाळेत आहेत. मी म्हटलं, बायोलॉजीच घ्यायचं आहे. उर्वशी म्हणाली, "पाहून तं येऊ." आणि चालायला लागली. मी मागून गेलो.

गिऱ्हेपुंजे सर चाळिशीचे, लाखनीकडचे. माझं नाव ऐकलं आणि उठून उभे राहिले.

"यादोराव वायंडिंगवाले? अरे, मी तर तुम्हाला शोधतच होतो. इकडे या."

टेबलावर एका मोटरची बॉडी ठेवली होती, झाकण काढलेली, आतल्या कॉइल दिसतील अशी.

"ही आपल्या कॉलेजच्या विहिरीवरची. नऊ वर्षं चालली. मागच्या वर्षी शाफ्ट तुटला म्हणून काढली. पण वायंडिंग पाहा. जशीच्या तशी. मी पोरांना हीच दाखवतो. बाबू म्हणाला, तुमच्या दुकानात भरली होती."

मी न वाकताच ओळखलं. प्रत्येक गाठीचा उलटा वेढा एकाच बाजूला होता.

"तुमचाच हात ना?" सरांनी विचारलं.

उर्वशी माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"माझाच," मी म्हटलं.

"वा. मग एक काम करा." त्यांनी ड्रॉवरमधून दोऱ्याचं रीळ काढलं. "ही गाठ मला दाखवा. वर्ष झालं, मी सोडवून पाहिली, चित्र काढून पाहिलं, मला जमत नाही. डिप्लोमात आम्हाला असं कोणी शिकवलं नाही."

दोरा माझ्या हातात आला. मी एक वेढा घेतला. दुसरा घेतला. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी रुखमिणीचे हात बारा वर्षं पाहिले होते, पण कधी नीट पाहिले नव्हते, मान फिरवून बसायचो. गाठ पडली ती साधी, बैल बांधतात तशी.

"चष्मा घरी राहिला," मी म्हटलं.

सरांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. चष्मा खिशात होता.

उर्वशीने माझ्या हातातून दोरा घेतला.

"सर, बाबांनी मले शिकवली आहे. मी दाखवते."

तिने दोऱ्याचं टोक दातांत धरलं, दोन बोटांनी वेढा घेतला, अंगठ्याने उलटवला आणि ओढला. माझं लक्ष दातांतल्या टोकावर होतं. रुखमिणी तसंच धरायची.

"बापाचा हात उतरला पोरीत," सर म्हणाले.

मला त्या वेळी आधी काय वाटलं ते खरं सांगतो. मला पोरीचा हेवा वाटला. सोळा वर्षांच्या पोरीला जे येतं ते मला येत नाही, आणि ते तिला आईने दिलं, मला दिलं नाही. मी मागितलंच नव्हतं, पण तेव्हा तसं सुचलं नाही. मग तिचं वाक्य ध्यानात आलं. बाबांनी शिकवली. तिच्या आईने बारा वर्षं हेच केलं होतं. मी खोटं बोलायचो आणि ती ते सांभाळून घ्यायची. आता पोरगी सांभाळून घेत होती, आणि मी घेऊ देत होतो.

"सर," मी म्हटलं, "हा माझा हात नाही. हिच्या आईचा आहे. मले ही गाठ येत नाही."

सरांनी वाकून गाठी पुन्हा पाहिल्या.

"मग त्या येतील का एकदा कॉलेजात? पोरांना दाखवायला? मी प्राचार्यांना सांगतो."

"ती गेली. कार्तिकात."

सरांनी रीळ टेबलावर ठेवलं. नंतर ते उर्वशीला म्हणाले, "तू इलेक्ट्रिकल घेतलंस तर तूच दाखवशील सगळ्यांना." आणि तिला खाचा किती, वेढे किती, तार कोणत्या नंबरची, हे विचारायला लागले. ती पटापट सांगत होती. मला कोणी काही विचारलं नाही. मी खिडकीजवळ जाऊन उभा राहिलो.

बाहेर व्हरांड्यात तिने फॉर्म बाकावर ठेवला.

"काय लिहू?"

"तुले पायजे ते लिही."

"ते नाही विचारत मी. मी दुकानात बसली तं तुमी बसाल का तिथं? का उठून जाल?"

"मी काहून उठून जाईन?"

"तुमाले राग येते, बाबा. मले माहीत आहे. आईले पण माहीत होतं."

"काय म्हणत होती आई?"

"म्हणे, तुझे बाबा चहा मागतीन आता. आकडा लिहून ठेव."

तिला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. म्हणजे शेवटी शेवटी माझ्या चहाने त्यांचा आकडा चुकतच नव्हता. दोघींनी त्याच्यावर उपाय काढला होता, आणि रुखमिणी मला दाखवायला म्हणून कॉइल उलगडत होती का, की खरंच उलगडत होती, ते मला आता कधी कळणार नाही.

"राग येते," मी म्हटलं. "पुढंही येईल. तू लिही."

तिने इलेक्ट्रिकल मेंटेनन्स लिहिलं. मी खाली सही केली. सहीसाठी खिशातून चष्मा काढला तेव्हा तिने दुसरीकडे तोंड केलं.

दिवाळीच्या आधी भैय्याजींची मोटर जळाली. धानाला शेवटचं पाणी द्यायचं होतं, घाई होती. मी तार काढून ठेवली, खाचा साफ केल्या. उर्वशी कॉलेजातून आली. ती पाटाजवळ उभी राहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी स्टूल पुढे केलं नाही. ती बसली. पाटावर तिला पाहून मला बरं वाटलं नाही. रुखमिणीची जागा गेली असं वाटलं, आणि माझीही. मी कैची घेतली आणि कागद कापायला बसलो. चोवीस तुकडे. मापात यायला मला वेळ लागला. दोन तिने परत दिले.

तिसऱ्या दिवशी भैय्याजी मोटर न्यायला आले. झाकण लावायच्या आधी वाकून आत पाहिलं, बोटाने गाठी चाचपल्या.

"कोणं भरली गा ही?"

'मीच' हा शब्द तोंडात आलाच होता. इतक्या वर्षांची सवय.

"पोरीनं," मी म्हटलं. "मी कागद कापला."

भैय्याजींनी माझ्याकडे पाहिलं, पाटावर बसलेल्या उर्वशीकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते फक्त म्हणाले, "मंग बिनघोर नेतो." आणि मोटर मोटरसायकलवर बांधायला लागले.

बिनघोर. हा शब्द ते माझ्या कामाला कधी म्हणाले नव्हते. राग आलाच.

मी आत वळलो. उर्वशीने दुसऱ्या मोटरची कॉइल सुरू केली होती. आता आकडे म्हणायला कोणी नव्हतं, ती स्वतःच पुटपुटत होती. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. मला चहाची तलफ आली. मी चपला घातल्या, आवाज न करता दुकानाबाहेर पडलो आणि स्टँडवरच्या टपरीवर जाऊन पिऊन आलो.