बुक्क्याच्या डबीतला भुंगा

कीर्तनाच्या मांडवात तुमच्या कपाळावर काळ्या, सुगंधी बुक्क्याचे बोट टेकते ना, मित्रांनो, त्या बोटाआधी तो बुक्का माझ्यापाशी असे. मी पितळेची जुनी डबी. एका तांबटाने मला ठोकून गोल केले, झाकणाला बिजागरी लावली, आणि बाजारहत्नूरकडच्या एका खेड्यातल्या बापूजींनी मला जत्रेतून घरी आणले. तेव्हापासून मी त्यांच्या डाव्या तळहातावर. टाळ, पखवाज, बुवांचे हळूहळू उलगडत जाणारे निरूपण, सारे मी उघड्या झाकणाने ऐकले. याहून मोठे भाग्य डबीला कोणते?

पुढे भजनी मंडळाला स्टीलची चकचकीत वाटी मिळाली आणि मी बापूजींच्या सदऱ्याच्या खिशात गेले. रिकामी. निदान त्यांना तसे वाटे. माझ्या कडेकपारीत जुना बुक्का अजून दडून होता.

यंदाच्या श्रावणात देवळामागे गाजरगवत माजले. त्याला लागूनच उद्धवरावांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. गवतावर भुंगे दिसू लागले, पांढुरकी पाठ आणि तिच्यावर तपकिरी नागमोडी रेघा. बापूजींची नात उत्कर्षा शेतकीच्या कॉलेजात शिकते. ती तिथे उकिडवी बसली ती उठेचना.

"आजोबा, हा आपल्याकडचा नाई. गाजरगवत खाणारा परदेशी भुंगा दिसते. तो असंल तर आपल्या भागात त्याची ही पयलीच नोंद."

उद्धवराव बांधावरून म्हणाले, "नोंद कर नाई तं आरती ओवाळ. मी फवारा मारून राह्यलो. माह्या पऱ्हाटीवर चढले म्हंजे तू भरून देशीन का?"

"काका, औषधानं समदे मरतीन. मंग गवत कोण खाईन? जाणकाराले दाखवून येते, तोवर थांबा."

"उद्या सांजेलोक थांबतो. मंग कोणाचं ऐकत नाई."

उत्कर्षाने आदिलाबादच्या पंकज सरांना फोटो पाठवला, पण तो वाऱ्याने हललेला. सर कीटकांचे अभ्यासक. ते म्हणाले, भुंगाच घेऊन ये. सकाळी गाडीची वेळ झाली. उत्कर्षा पिशवी आणायला गेली, तेवढ्यात बापूजींनी एक भुंगा धरला, मला उघडले, त्याला आत सोडले आणि झाकण लावले. वाटेतल्या इचोडा गावापर्यंतचा रस्ता असा, की आतल्या पाहुण्याबरोबर मीही खुळखुळत गेले.

आदिलाबादला दोघे पोचल्यावर सरांनी मला पांढऱ्या कागदावर उघडले. भुंगा बाहेर आला. काळाकुट्ट.

"उत्कर्षा, हा साधा काळा भुंगा दिसतो. रेघा कुठे आहेत?"

तिचा चेहरा उतरला. "आजोबा, तुमी दुसराच धरला का?"

"त्याच गवतावरचा हाये, बाई. मी काय पऱ्हाटीतून आणीन?"

उद्धवरावांचा पंप तिकडे भरून तयार असणार. सर मला बंद करू लागले. कागदावर माझ्यातली काळी पूड सांडली होती. बापूजींची नजर तिच्यावर गेली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचे बोट आपोआप पुडीवर टेकले, तिथून सरांच्या कपाळावर.

"आजोबा, हे काय?" सरांनी विचारले.

"बुक्का, सर." बापूजी स्वतःच चपापले. "राह्यला दिसते डबीत."

उत्कर्षाने आधी ती पूड पाहिली, मग भुंगा. तिला हसू फुटले. सरांनी बारीक कुंचला ओला करून भुंग्याच्या पाठीवरून फिरवला. आधी पांढुरका रंग उजळला, मागोमाग तपकिरी रेघा. कपाळावर बुक्का तसाच ठेवून सर कितीतरी वेळ भिंगातून पाहत राहिले.

"तोच आहे," ते म्हणाले. "आणखी नमुने पाठव. नोंद करूच."

उत्कर्षाने लगेच उद्धवरावांना फोन लावला.

"हे सर म्हंते का तूच म्हंते?"

सरांनी फोन घेतला. "मी म्हणतो. फवारू नका. पण भुंगा परका आहे. पऱ्हाटीवर येतो का, ते रोज पाहत जा."

"पायतो. एक जरी चढला तं उत्कर्षाच्या अंगणात आणून सोडतो."

भुंग्यासोबतच्या चिठ्ठीवर सरांनी गाव लिहिले, तारीख लिहिली. पकडणाऱ्याचे नाव विचारले, तेव्हा उत्कर्षाने बापूजींचे सांगितले. बापूजी परतीच्या गाडीत सारा रस्ता अभंग गुणगुणत आले.

आता मला चिंचेने घासले आहे. मी उत्कर्षाबरोबर शेताशेतांतून हिंडते. बुक्क्याचा वास गेला, याचे थोडे वाईट वाटते, पण देवाने रिकामे ठेवले नाही. देवळामागच्या गाजरगवताची पाने चाळणीसारखी झाली आहेत, आणि उद्धवराव रोज सकाळी पऱ्हाटीचे पान न् पान उलटून पाहतात. परवा शेजारच्या माणसाने पंप पाठीला लावला, तर तेच त्याला म्हणाले, "काऊन घाई करून राह्यला? आधी पोरीले दाखव."

मित्रांनो, तुम्हीही अनोळखी जीव दिसला की आधी थांबा, नीट पाहा, जाणत्याला दाखवा. फक्त नेताना डबी धुऊन घ्या.