शालूबाईची मोजणी

रहिमतपूरच्या अलीकडच्या एका वाडीला यंदा बालस्नेही गावाची ढाल मिळाली. आता ती मिळालीच नाही असं धरून चला. शालूबाईही तसंच धरून चालते आणि रोज ती ढाल पुसते.

शालूबाई अंगणवाडीची मदतनीस. ढालीसाठी गाव तपासणारी कमिटी यायच्या आधी तिच्या हातात एक कागद आला. शेवटचा रकाना : 'मारहाण किंवा आबाळ होत असलेली मुले – संख्या.'

"मावशी, तिथं निरंक लिहायचं," ग्रामसेवक म्हणाले. "सगळी गावं तेच लिहितात."

तरी ती घरोघर फिरली. कृष्णातच्या गोठ्यापाशी मात्र पाय रुतले. दावणीला दोन म्हशी आणि तिसरी उत्कर्षा. नऊ वर्षांची. पायात दावं, मांडीवर वही, पाठीवर वळ. आई डेंग्यूनं गेली, बाप तानाजी मिलिट्रीत. तो देश राखतो, म्हणून पोर चुलत्याच्या राखणीला. रविवारी बापाचा व्हिडिओ कॉल आला की दावं सुटायचं, इस्त्रीचा फ्रॉक चढायचा आणि "बाळ, मजेत हायस न्हवं?" म्हटलं की मान हलवायची.

"कृष्णात, आरं पोरगी हाय का रेडकू?"

"आवं काकी, आमी दोघं उसात. हिरीला कठडा न्हाई. पडली म्हंजी दादाला काय तोंड दावू?"

"मग शाळंत धाड की रोज."

"आन म्हशींकडं कोण बघंल?"

म्हणजे पोरीवर म्हशींनी नजर ठेवायची आणि म्हशींवर पोरीनं. बंदोबस्त चोख होता.

"पाठीवर काय उठलंय तिच्या?"

"वैरण टाकाय इसरली. लय आगाव हाय. आन काकी, तुमास्नी न्हवतं व्हय बांधत बारकं असताना?"

बांधत होते. आई शेतात भांगलायला जाताना शालूबाईला जात्याच्या खुंट्याला बांधून जायची. अजूनही दोरी दिसली की शालूबाई पाय पोटाशी घेते. पण तोंडातनं निघालं, "व्हय बाबा. आमी काय मेलो?"

चावडीत बसून तिनं रकान्यात १ लिहिला. बघत राहिली. वर फास, खाली लोंबतं टोक. हुबेहूब दावं. तिच्यानं बघवेना. तिनं तो खोडला आणि निरंक लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. दाव्यानं म्हशीचा पाय सोलला होता. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर त्यांनी मोबाईलमध्ये घातला, मलम लावलं, कृष्णातला झापलं, "मुक्या जनावराला इतकं आखडून बांधतात होय रे?" शेजारीच उत्कर्षाचा घोटा, तसाच सोललेला. डॉक्टरांनी बघितला. पण तिच्या कानात बिल्ला नव्हता.

ढाल आली त्या दिवशी पोरीनं शालूबाईच्या हातात वहीचं पान दिलं.

"आज्जे, अर्ज हाय. शाळंत शिकीवलाय. तेवढा डॉक्टरास्नी दे."

तो अजून ढालीखालीच आहे.

'प्रति, मा. जनावरांचे डॉक्टरसाहेब. विषय : कानात बिल्ला मिळणेबाबत. महोदय, मी कृष्णात काकांच्या गोठ्यात असते. मी लाथ मारत नाही. वैरणही खात नाही. माझा पाय म्हशीसारखाच दुखतो. तरी माझी नोंद जनावरांत करून घेण्यात यावी, ही नम्र विनंती. आपली विश्वासू, उत्कर्षा तानाजी, दावणीला तिसरी.'